कालची चूक

पुण्याच्या पश्चिमेला एका टेकडीच्या पोटात, जिथे पूर्वी पाण्याची मोठी टाकी होती, तिथे आता संदेशरोग संशोधन संस्था होती. नाव ऐकून लोक रक्त तपासून घ्यायला यायचे, आणि त्यांना परत पाठवून पाठवून फाटकावरचा पहारेकरी वैतागला होता. इथे तपासला जाणारा रोग निराळा होता. खोटी बातमी कुठे जन्मते, कशी पसरते, कुणाला लागते आणि कुणाला लागत नाही, याचा अभ्यास इथे चाले. युद्ध सुरू झाल्यापासून तर या मंडळींना धड जेवायलाही फुरसत उरली नव्हती.

मुख्य दालनाच्या भिंतीवर विश्वासनकाशा पसरलेला होता. तो डॉ. वैजयंती रांगणेकर हिच्या डोक्यातून निघालेला. माणसाला "तुझा या बातमीवर विश्वास आहे का?" असं विचारलं तर तो आपल्याला शोभेल असं उत्तर देतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नकाशामागचा तिचा विश्वासमापी विचारायच्या फंदातच पडत नसे. बातमी आल्यावर गावानं काय केलं, एवढंच तो पाही. लोकांनी ती न तपासता पुढे धाडली का, दुकानांची शटर लवकर पडली का, पोरांना शाळेत पाठवलं का, याची बेरीज करून तो नकाशा रंगवी. लाल म्हणजे गावानं बातमी गिळली, पांढरा म्हणजे नाही.

आणि सध्या अख्खी कोकणपट्टी लाल होती.

शत्रूच्या आरमारानं मोरवेल बेटं घेतली, तेव्हा तिथली माणसं होड्यांत बसून निघाली आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला काळवलीच्या किनाऱ्याला लागली. सरकारनं त्यांना जुन्या मिठागराच्या गोदामांत ठेवलं. तेवढ्यात 'अंतिम पहारा' नावाच्या टोळीनं त्यांच्यावर झडप घातली. देशप्रेमाचा मक्ता आपल्याच नावावर आहे अशा थाटात ही टोळी वावरे, आणि जो तिच्या ओळीत उभा राहणार नाही तो फितूर ठरे. तिचा संदेश घरोघरी पोचला होता: 'बेटवाले रात्री किनाऱ्यावर दिवे लावून शत्रूच्या ड्रोनना वाट दाखवतात. शुक्रवारी सर्वांनी गोदामांवर चला. आपणच निकाल लावू.'

संस्थेनं खंडन केलं. मग खंडनाचं खंडन होऊ नये म्हणून आणखी एक खंडन केलं. नकाशा आणखी लाल झाला.

"आपण खोटं पाडतो म्हणजे तेच वाक्य पुन्हा एकदा लोकांच्या कानांत घालतो," वैजयंती वैतागून म्हणाली. "आणि त्या टोळीची पत आपल्यापेक्षा जास्त आहे. पूर्वेची चौकी पडल्याचं त्यांनी आधी सांगितलं, धान्य कमी होणार हेही त्यांनीच आधी सांगितलं. आपण आठवडाभर 'सर्व आलबेल' म्हणत बसलो. खऱ्या बातम्या देऊन त्यांनी विश्वास साठवला आणि आता तो सगळा या एका खोट्यावर खर्च करताहेत."

"पण 'सागरवेध'च्या वेळी आपण त्यांना तोंडघशी पाडलं होतं, मॅडम," डॉ. तन्वीर परकार म्हणाला. हा संस्थेचा गणिती, दापोलीकडचा, वयानं तिच्याहून बराच लहान आणि तिला हसवायचं काम स्वतःकडे घेतलेला.

वैजयंती हसली. तो विषय निघाला की तिला बरं वाटे. 'सागरवेध' ही युद्धनौका बुडाल्याची चित्रफीत टोळीनं पसरवली होती. वैजयंतीनं तिच्यातल्या लाटा मोजल्या आणि दाखवून दिलं, की दोन लाटांमधलं असं अंतर आपल्या समुद्रात या दिवसांत असूच शकत नाही. ते दृश्य दुसऱ्याच कुठल्या समुद्राचं, यंत्रानं जोडलेलं. इतकं सफाईदार काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. त्यात तिचा स्वतःचा जीवही गुंतलेला होता, कारण तिचा धाकटा भाऊ उदयन 'सागरवेध'वर इंजिनियर होता. नौदलानं नौका सुखरूप असल्याचं जाहीर केलं होतं. नौकेला मौनाचा आदेश होता, म्हणून फोन येत नव्हता इतकंच.

"बरं, हे बघा," तन्वीर नकाशाजवळ जाऊन म्हणाला. "मला आधी वाटलं भिंतीचा पोपडा निघालाय."

लाल पट्टीवर एक पांढरा ठिपका होता. काळवली बंदर. गोदामांपासून हाकेच्या अंतरावर.

"तिथे फोन चालत नसतील."

"झकास चालतात. संदेश प्रत्येकाला पोचलाय."

"मग बेटवाल्यांना ते जवळून ओळखतात, म्हणून असेल."

"शेजारच्या वाडीतले लोकही ओळखतात. त्यांच्याकडूनच मासळी घेतात. आणि ती वाडी बघा, नुसती पेटलीय."

वैजयंती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. रोग सगळ्या गावाला लागावा आणि एकच घर, तेही दूषित विहिरीला लागून असलेलं, ठणठणीत राहावं, म्हणजे त्या घरात काहीतरी औषध असणारच. तिला भूक लागल्यासारखं झालं. कोडं दिसलं की तिचं असंच होई.

"गाडी काढ," ती म्हणाली.

गोदामांपाशी ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. कुंपणाला पहारा होता आणि संस्थेचं ओळखपत्र दाखवूनही कुणी आत सोडेना. किनाऱ्यावर मात्र बांबूंच्या टोकांना कंदील बांधलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे दिवे होते! वैजयंती चपापली. दिव्यांची गोष्ट निखालस खोटी असं ती आठवडाभर लिहीत होती.

कुंपणापलीकडे एक म्हातारा बेटवाला जाळं विणत बसला होता. तिनं त्यालाच गाठलं.

"बाबा, हे दिवे कशासाठी?"

म्हाताऱ्यानं एकदा पहारेकऱ्याकडे पाहिलं. "ते सांगता येणार नाही, ताई. शब्द दिलाय."

"कुणाला? अहो, या दिव्यांवरून शुक्रवारी लोक तुमच्या जिवावर उठणार आहेत!"

"ऐकलंय," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. "पण ज्यांनी छप्पर दिलं त्यांनाच शब्द दिलाय. काय करणार?"

तिला त्याचा राग आला आणि काळजीही वाटली. माणसानं असं गप्प बसून स्वतःला गोत्यात का आणावं हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बंदरावर गेली. धक्क्यावर लिलावाचा गलका चालला होता, बर्फ फुटत होता, टोपल्या आपटत होत्या. एवढ्यात खांबावरचा कर्णा खरखरला आणि सगळा धक्का गप्प झाला.

"नमस्कार. मी पुंडलिक तांडेल. कालची चूक. काल मी म्हटलं होतं, दुपारनंतर वारा पडेल. तो पडला नाही. खाडीच्या तोंडाशी ज्यांची जाळी गुंतली, त्यांची मी माफी मागतो. खडकापलीकडचा उथळ प्रवाह मी हिशेबात धरला नव्हता. आता आजचं..."

पुढे भरती, ओहोटी, वारा, लाट. शेवटी आवाज म्हणाला, "गोदामाकडच्या दिव्यांबद्दल कालही विचारणा झाली. मला अजून माहीत नाही. कळलं की सांगेन."

कर्णा बंद झाला आणि गलका पुन्हा सुरू झाला. तन्वीर आणि वैजयंती विचारत विचारत हवामान केंद्रावर पोचली.

किनारी हवामान केंद्राचे प्रमुख डॉ. पुंडलिक तांडेल यांना स्वतःच्या आवाजाचा भारी अभिमान होता. पाहुण्यांना चहा देण्याआधी त्यांनी आपलं एक जुनं निवेदन ऐकवलं.

"चुकीनं सुरुवात करायची पद्धत तुमचीच का?" वैजयंतीनं विचारलं.

"नाय हो, आमच्या गुरूंची. ते म्हणायचे, आपण चुकलो हे समुद्रावर गेलेल्याला आपल्या आधी कळलेलं असतं. मग लपवतोस कुणापासून? मी तर चूक नसेल तेव्हाही सांगतो, काल काही चूक नाही म्हणून. वर्षातून असे दिवस येतात मोजके. त्या दिवशी धक्क्यावर मला चहा पाजतात आणि वर टिंगलही करतात."

बाहेर कोळंबी निवडत बसलेल्या सुमती नाखवा यांना तेवढंच निमित्त पुरलं. "अगो बाय, त्यांचा भूत पण येऊन गेला की इथे!"

"भूत?"

"फोनवर आवाज आला. हुबेहूब तांडेलांचा. म्हणे गोदामातले लोक फितूर, सगळ्यांनी चला. आम्ही म्हटलं, तांडेल आणि चूक न सांगता बोलायला लागला? ताप चढला की काय याला! म्हणून बघायला आलो, तर हा आपला इथे भाकरी खातोय."

ती स्वरछाया होती, हे वैजयंतीच्या ताबडतोब लक्षात आलं. माणसाच्या बोलण्याचे नमुने घेऊन यंत्रानं घडवलेला त्याचा खोटा आवाज.

"मग दुसऱ्या दिवशी भूत शहाणा झाला," सुमतीबाई पुढे म्हणाल्या. "आधी म्हणतो, कालची चूक, वारा जास्त सुटला. आता आदल्या दिवशी वारा सुटलाच नव्हता मुळी! आमच्या होड्या वल्हवून आणल्या पोरांनी, हात सोलपटले. धक्काभर हसलो आम्ही."

वैजयंती ताडकन उठून उभी राहिली. चहा सांडला तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"तन्वीर, बशी फुटली की तिचे दोन तुकडे होतात. एक तुकडा तांडेलांकडे, दुसरा ऐकणाऱ्याकडे. रोज सकाळी ते आपला तुकडा पुढे करतात आणि ऐकणारा आपल्याजवळच्या तुकड्याला तो जुळतो का बघतो. जुळला, म्हणजे माणूस खरा. आवाजाची नक्कल होईल, चेहऱ्याची होईल. पण ऐकणाऱ्याचा हात काल कशानं सोलला, ते नक्कल करणाऱ्याला कुठून कळणार?"

"म्हणजे चूक हीच किल्ली," तन्वीर म्हणाला. "आणि अर्धी किल्ली लोकांच्याच खिशात. वा! पण मॅडम, टोळी हे शिकली तर?"

"शिकू दे की. त्यासाठी त्यांना रोज आपली खरी चूक कबूल करावी लागेल. 'आम्ही कधीच चुकत नाही' याच भांडवलावर ज्यांचं दुकान चालतं, ते ती कुठून आणतील?"

परतीच्या वाटेवर ती इतकी खूष होती की घाटात तिनं उदयनचा आवडता उसाचा रस दोन पेले प्यायला. हे सगळं त्याला कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. चेष्टा करायला त्याला नवा मुद्दा मिळाला असता: ताई, तू जन्मभर चुकलीस ते वाया गेलं नाही म्हणायचं!

संस्थेचे संचालक ब्रिगेडियर शितोळे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा हा माणूस वैजयंतीला मनातून आवडे.

"लढाई चालू असताना आपल्या चुका आपणच सांगायच्या?"

"रोज सकाळी. युद्धवार्तेच्या सुरुवातीला. सगळ्या किनाऱ्यावर, तांडेलांच्या आवाजात. ते तयार आहेत, फक्त एका अटीवर. खोटी चूक वाचणार नाहीत."

ब्रिगेडियरांनी वर विचारून परवानगी आणली. बुधवारी सकाळी तांडेलांच्या आवाजात किनाऱ्यानं ऐकलं: कालची चूक, रॉकेलचे टँकर वेळेवर पोचतील असं म्हटलं होतं, ते पोचले नाहीत. सगळे नकाशाकडे डोळे लावून बसले. नकाशा ढिम्म हलला नाही. उलट काळवलीचा पांढरा ठिपकाच जरासा गुलाबी झाला.

"हे काय?" ब्रिगेडियर म्हणाले.

तन्वीरनं बरीच आकडेमोड केली. "सर, आपला तुकडा बसत नाहीये. लोकांच्या हातातला तुकडा मोठा आहे आणि आपण कपची पुढे करतोय. आपली कुठलीतरी मोठी चूक त्यांना जाणवलेली आहे आणि आपण रॉकेलचं सांगून वेळ मारून नेतोय, असं त्यांना वाटतं."

"मग ती कुठली ते तुमच्या यंत्राला विचारा."

विश्वासमापी उलटा चालवता येत होता. टोळीच्या बातमीऐवजी सरकारच्या एकेका बातमीवर लोकांनी किती अविश्वास दाखवला, हे पाहायचं. वैजयंतीनं स्वतः कळ दाबली. एकेक बातमी सरकत गेली. कुठे फिकट डाग, कुठे काहीच नाही. मग एका बातमीवर सगळा किनारा काळाकुट्ट झाला.

'सागरवेध सुखरूप आहे.'

 तन्वीर अडखळत म्हणाला, "खलाशांची घरं किनाऱ्यावरच आहेत. मौनाचा आदेश पूर्वीही असायचा, पण तेव्हा निदान दुसऱ्या नौकेमार्फत निरोप यायचा. या वेळी एकाही घरात आला नाही. प्रत्येक घराकडे तो तुकडा आहे."

आपल्याकडेही आहे, वैजयंतीला वाटलं. उशाशी ठेवलेला, न वाजणारा फोन. तिनं चित्रफीत खोटी पाडली होती आणि चित्रफीत खोटी होतीच, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण टोळीकडे खरं दृश्य नव्हतं म्हणून त्यांनी खोटं जोडलं होतं. बातमी खरी असून तिचं चित्र तेवढं खोटं असू शकतं, हे एवढं साधं गणित तिनं का मांडलं नाही? कारण उत्तर तिला नको होतं. लाटा मोजत बसणं सोपं होतं.

"सर," ती म्हणाली, "उद्या ही चूक सांगायला हवी."

ब्रिगेडियरांनी खुर्ची मागे सरकवली आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "तुम्ही काय मागताय ते तुम्हाला समजतंय ना, वैजयंतीबाई?"

त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच 'बाई' ऐकलं, तेव्हाच नौका गेली हे ती समजली. 

"शुक्रवारी गोदामांवर लोक जातील. आत बायका-पोरं आहेत. त्यांना वाचवणारं दुसरं वाक्य तुमच्याकडे असेल तर सांगा."

 ब्रिगेडियर फोनकडे वळले.

गुरुवारी सकाळी संस्थेतलं झाडून सगळं माणूस दालनात उभं होतं. कर्ण्यातून येतो तसाच, किंचित घोगरा आवाज आला.

"नमस्कार. मी पुंडलिक तांडेल. कालची चूक. खरं तर बऱ्याच दिवसांची. 'सागरवेध' सुखरूप आहे असं तुम्हाला सांगण्यात आलं. ते खोटं होतं. 'सागरवेध' बुडाली. शत्रूला कळू नये म्हणून आणि तुम्ही खचू नये म्हणून लपवलं. शत्रूला ते ठाऊक होतं आणि तुम्हालाही आतून कळलं होतं. ज्या घरांनी वाट पाहिली, त्यांची माफी मागतो.

"आता दिव्यांबद्दल. कळलं की सांगेन म्हटलं होतं. नौका बुडाली त्या रात्री मोरवेलच्या माणसांनी आपल्या होड्या पाण्यात घातल्या आणि खलाशांना उचलून आणलं. पोहत येणाऱ्यांना किनारा दिसावा म्हणून दिवे लावले. अजून कुणी येईल म्हणून ते रोज लावतात. वाचलेले खलाशी त्याच गोदामांत आहेत. बेटवाल्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांच्यावर आळ आला तरी ते गप्प राहिले."

वैजयंतीनं डोळे मिटून घेतले. जाळं विणणारा तो म्हातारा तिला आठवला. टोळीला खोटं रचायला दिवे आपणच पुरवले होते. अर्धं सत्य झाकून ठेवलं आणि उघडं पडलेलं अर्धं त्यांनी उचललं.

मग तांडेलांनी वाचलेल्यांची नावं सांगायला सुरुवात केली. आडनावं, गावं, हुद्दे, एकेक सावकाश. ती ऐकत होती. आडिवरेकर, कासकर, नाटेकर, पेडणेकर. प्रत्येक नावाला कुठेतरी कुणाच्या तरी घरात किंकाळी फुटत असणार, आनंदाची. नावं संपली.

उदयन रांगणेकर हे नाव आलं नाही.

"घाईत घेतलेली नावं आहेत," तांडेल म्हणाले. "काही जण अजून शुद्धीवर नाहीत. चूक असेल तर उद्या सकाळी सांगेन."

"मॅडम," तन्वीर हलक्या आवाजात म्हणाला, "नकाशा बघा."

आधी वाड्या निवळल्या, मग बंदरं, मग डोंगरापलीकडची गावं. दुपारपर्यंत सगळी कोकणपट्टी पांढरी झाली. टोळीचे नवे संदेश धडाधड येत होते आणि कुणी त्यांना हातही लावत नव्हतं. शेजारच्या वाडीतून गोदामांकडे माणसं निघाल्याचं कळलं तेव्हा ब्रिगेडियर दचकले. पण त्या माणसांच्या डोक्यांवर भाताची पातेली होती. संस्थेत टाळ्या वाजल्या आणि मग वैजयंतीकडे लक्ष जाऊन थांबल्या.

तिनं गोदामात फोन केला नाही. करता आला असता. तिथे घोळ होता, एक सांगे आहे, दुसरा सांगे नाही, आणि तिला आता फक्त एकाच माणसाकडून ऐकायचं होतं. तांडेल चुकतात, हे तिला सप्रमाण ठाऊक होतं. वारा चुकतो, भरती चुकते, वर्षातून मोजकेच दिवस बिनचुकीचे जातात. एका बुडालेल्या नौकेच्या गोंधळात एखादं नाव राहून जाणं तर अगदीच शक्य होतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी चुकीसाठी देवाला हात जोडले.

शुक्रवार उजाडला. तन्वीर तिच्या शेजारी येऊन नुसता उभा राहिला.

"नमस्कार. मी पुंडलिक तांडेल."

मग तांडेल थांबले. ते कधी असे थांबत नसत. दूर काळवलीच्या धक्क्यावरही सगळे गप्प उभे असणार, हे तिला इथून कळत होतं.

"काल काही चूक नाही," ते म्हणाले.

आज तिथे कुणी त्यांना चहा पाजणार नव्हतं. वैजयंतीनं आपला फोन खिशातून काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसली. तांडेल पुढे वारा सांगत होते, लाट सांगत होते, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दावर तिचा विश्वास बसत होता.